सोळा माणसं, दोन बोटी: वासोट्याच्या वाटेवरचं एक प्रकरण

या लिखाणात कुणाचंही नाव घेतलेलं नाही. माणसं नात्याने किंवा त्या दिवशीच्या कामाने ओळखावीत: लीड, बॅकलीड म्हणजे मी, काका, त्यांची मुलगी, नर्सताई आणि पळणारा पोरगा. उरलेले दहा जण या गोष्टीत फारसे येत नाहीत, आणि ते येत नाहीत हीच त्या दिवशीची एक बरी गोष्ट.

पार्श्वभूमी

वासोटा किल्ल्यावर नेहमीच्या वाटेने जायचं तर आधी पाणी ओलांडावं लागतं. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली, तिथे वन विभागाची परवानगी, मग कोयनेच्या शिवसागर जलाशयातून तासा-सव्वा तासाची बोट. पलीकडे मेट इंदवलीला पाय टेकला की थेट जंगल सुरू. ओढ्याकाठी मारुती-गणपतीला हात जोडायचे आणि दीड-दोन तासांच्या चढणीला लागायचं. निम्म्याच्या वर गेल्यावर नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा फुटतो. तो सोडला की किल्ला.

पायथ्याशी एके काळी गाव होतं. धरण झालं, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. आता तिथे वनखात्याची चौकी आहे, वस्ती नाही. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला कुणाच्या ओसरीवर टेकता येतं, खाट मागता येते, जीप मागवता येते. इथे तसलं काही नाही. हा किल्ला तुरुंग म्हणून वापरला जायचा. १८१८ मध्ये हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी इथेच कैदेत होते. ज्या कारणांनी कैद्याला इथून पळता येत नसे, त्याच कारणांनी आजारी माणसाला आज इथून पटकन बाहेर काढता येत नाही.

आमचा गट म्हणजे संस्था वगैरे नव्हे. पुण्यातल्या दोन सोसायट्या आणि एक ऑफिस यांतले लोक मिळून वर्षातून चार-पाच ट्रेक करतात, इतकंच. लीड चाळिशीचा, वासोटा त्याने आधी तीनदा केलेला. माझं काम सगळ्यांच्या शेवटी चालायचं आणि माझ्यामागे कुणाला राहू द्यायचं नाही. काका ५८ वर्षांचे, रोज सकाळी पर्वती चढणारे. त्यामुळे त्यांच्या तब्येतीविषयी कुणीच काही विचारलं नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे हे फॉर्मवर होतं. ती गोळी लघवी वाढवणारी आहे, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. पुण्यातून तीनला निघायचं ठरलं होतं, निघालो चार वाजून पाच मिनिटांनी. साताऱ्यात मिसळ झाली, कासच्या वाटेवर उजाडताना फोटो झाले. बामणोलीत साडेसातला पोचायचं होतं, नऊ वाजले. ओळखपत्रं, यादी, परवानगी हे सगळं होईपर्यंत बोटी सुटायला नऊ पन्नास. मेट इंदवलीला उतरलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजलं, नोंद झाली, अनामत भरली आणि अकरा पंचवीसला जंगलात शिरलो.

बोटवाल्या मामांनी उतरताना सांगितलं, "पाचला बोट हलणार. संध्याकाळी वारं उठतंय, अंधाराच्या आत बामणोली गाठायला पाहिजे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

काय घडलं

पहिला तास छान गेला. दाट सावली, हिरडा-जांभळाची झाडं, मध्येच शेकरूचा आवाज. साडेबाराच्या सुमारास चढ उभा झाला, झाडी विरळ होऊन कारवीची झुडपं लागली आणि काका मागे पडू लागले. बारा पस्तीसला ते एका खडकावर बसले. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, कपाळावर थंड घाम, आणि उठताना भोवळ.

मुलीशी बोलताना चित्र हळूहळू उलगडलं. आदल्या दिवशी त्यांचा उपास होता. पहाटे निघायचं म्हणून रात्री झोप नाही. सकाळी मिसळ नको म्हणून नुसता चहा घेतलेला. आणि पाणी? बसमध्ये थांबावं लागेल, बोटीत तर थांबताच येत नाही, म्हणून सकाळपासून त्यांनी दोन घोट घेतले होते फक्त.

हे शेवटचं मी जरा ठळकपणे सांगतो, कारण ते काकांपुरतं नाही. नंतर विचारलं तेव्हा सोळातल्या नऊ जणांनी हेच केलं होतं, त्यात सगळ्या बायका. वासोट्याला माणूस चढायला सुरुवात करतो तीच मुळी तहानलेल्या अवस्थेत, आणि त्याला कारण बोट. इतर कुठल्या ट्रेकला ही भानगड नसते, म्हणून ती कुणाच्या यादीत नसते.

काकांना पाणी दिलं. इलेक्ट्रलची, म्हणजे पाण्यात घालायच्या क्षार-साखरेच्या पावडरीची, पाकिटं प्रथमोपचाराच्या पिशवीत होती, ती पिशवी लीडच्या पाठीवर, आणि लीड आमच्या वीस मिनिटं पुढे. हाका मारून तो खाली यायला वेळ गेला. घाईत त्याने पिशवी वरच एकाकडे ठेवली होती. म्हणजे इलेक्ट्रल शेवटपर्यंत काकांपर्यंत पोचलंच नाही. मीठ गेलेल्या माणसाला आम्ही साधं पाणी पाजत राहिलो.

समोर असलेले पर्याय

बारा पंचेचाळीसला आम्ही चौघे, म्हणजे लीड, मी, काका आणि मुलगी, त्या खडकापाशी होतो. बाकीचे वर पुढे गेलेले.

सगळ्यांनी मागे फिरायचं, हा पहिला पर्याय. तो कुणी तोंडातून काढलाही नाही. बारा माणसं किल्ल्यापासून अर्ध्या तासावर होती आणि त्यातली पाच जणं पहिल्यांदाच आली होती.

अर्धा तास बसून काकांना घेऊनच वर जायचं, हा दुसरा. काकांची हीच इच्छा होती. लीडने तो लगेच बाद केला, आणि ते बरोबरच केलं.

तिसरा: काकांना तिथेच सावलीत बसवायचं, सोबत मुलगी, आणि आम्ही उतरताना त्यांना घ्यायचं. वाट एकच, येणंजाणंही त्याच वाटेने, तेव्हा चुकामूक होण्याचा प्रश्न नाही असा हिशेब.

चौथा: मी काकांना आणि मुलीला घेऊन हळूहळू खाली उतरायचं. वरच्या गटामागे मग कुणी नाही, पण वरचा गट धडधाकट आहे आणि त्यांच्याबरोबर लीड आहे.

मला चौथा पर्याय पटत होता. मी तो मांडलाही, पण ज्या आवाजात मांडला तो आता आठवला की लाज वाटते. "मी जाऊ का खाली यांना घेऊन?" असा प्रश्न केला मी. प्रश्नाला नाही म्हणता येतं. काकाच नाही म्हणाले. "अरे, माझ्यामुळे कुणाचा ट्रेक नको बुडायला. तुम्ही व्हा पुढे, मी इथे बसतो निवांत." यजमानाने आग्रह करावा आणि पाहुण्याने "नको नको" म्हणावं, तसला तो प्रसंग झाला. आपल्याकडे वयाने मोठा माणूस असं म्हणाला की त्यावर बोलणं उद्धटपणाचं वाटतं. प्रकृतीचा निर्णय आम्ही आजारी माणसाच्या सौजन्यावर सोडला.

बारा पन्नासला तिसरा पर्याय ठरला आणि मी वर गेलो. मुलगी याआधी या वाटेवर कधी आलेली नव्हती. तिच्याकडे शिट्टी नव्हती. "इथून हलू नका" हे वाक्य आमच्यापैकी कुणी स्पष्ट उच्चारलं का, यावर आजही एकमत नाही. लीड म्हणतो तो बोलला. मला आठवत नाही. मुलीला तर मुळीच आठवत नाही.

जागा रिकामी

वर एक पंचवीसला पोचलो. पाण्याची टाकी, मारुती, महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा, पलीकडे बाबू कडा आणि खाली कोकण. दृश्याचं वर्णन करत नाही. मी ते नीट पाहिलंच नाही, घड्याळ पाहत होतो. दोन पंचवीसला निघालो. दोन पंचावन्नला खडकापाशी आलो तर तिथे कुणी नाही.

पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती, हे कबूल करायला हवं. बरं वाटलं असेल, उतरले असतील. लीड तसा बोललाही, आणि सगळे चालू लागले. दहाएक पावलांवर नर्सताई थांबल्या आणि म्हणाल्या, "काकांची काठी इथे आहे." पोटऱ्यांत गोळे आलेला माणूस उतारावर काठी टाकून जाणार नाही. त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा निर्णय हा होता, आणि तो घेणाऱ्या बाईंकडे कुठलंच पद नव्हतं.

रविवार असल्याने वाटेवर आणखी दोन गट होते. सव्वाच्या सुमाराला वर गेलेल्या एका गटाने काका-मुलीला खडकावर बसलेलं पाहिलं होतं. दोननंतर खालून वर आलेल्या दोघांनी वाटेत कुणालाच पाहिलं नव्हतं. याचा अर्थ ते मुख्य वाटेने खाली गेले नव्हते. मग उरलं काय? बरं वाटून आमच्यामागे वर निघाले आणि फाट्यावर नागेश्वरच्या वाटेला लागले, किंवा वाट सोडून आसपास कुठेतरी उतरले.

बोटीला दोन तास होते. फोनला रेंज नाही. आम्ही चौदा जण.

सगळ्यांनी पांगून शोधायचं, हे दोघा-तिघांच्या मनात लगेच आलं. लीडने इथे मात्र ठामपणा दाखवला. चौदा माणसं कारवीत शिरली असती तर संध्याकाळी शोधायला चौदा माणसं झाली असती. त्याने वाटणी अशी केली: दहा जणांनी एकत्र खाली जायचं आणि चौकीजवळच थांबायचं. पळणाऱ्या पोराने त्यांच्या पुढे धावत जाऊन चौकीवर कळवायचं. मी आणि नर्सताईंनी खडक सोडायचा नाही, दर पाच मिनिटांनी तीन शिट्ट्या, मग शांत राहून ऐकायचं. लीडने फाट्यापर्यंत जाऊन नागेश्वरच्या वाटेवर पंधरा मिनिटं पुढे बघून यायचं.

लीड एकटा गेला. गवे आणि अस्वलं असलेल्या रानात, हरवलेल्यांना शोधायला, एकटा. त्या वेळी ते मला धाडस वाटलं. आता साधी चूक वाटते. नर्सताईंना खडकावर ठेवून मी त्याच्याबरोबर जाणं हेही चूकच झालं असतं. खरा उपाय दहांतल्या एकाला थांबवून घेण्याचा होता, आणि तसे दोघं तयार होते.

तीन पंचवीसला पोरगा चौकीवर पोचला. काका तिथे नव्हते. वनरक्षक आणि त्यांच्याबरोबरचे एक स्थानिक मजूर त्याच्यासोबत वर आले. त्या मामांनी खडकापाशी पोचल्यावर आम्हाला काही विचारलं नाही. इकडेतिकडे पाहिलं आणि पंधरा पावलांवरच्या एका फटीकडे बोट दाखवलं: "गव्याची वाट हाय ती. माणसाच्या वाटंपेक्षा रुंद."

खरोखरच ती आमच्या पायवाटेपेक्षा मोकळी आणि मळलेली होती. नवख्याने दोन्ही वाटा पाहिल्या तर तो हीच धरेल. मामा खाली उतरले, आम्ही वरून शिट्ट्या देत राहिलो. चार वाजून गेल्यावर खालून टण्‌ टण्‌ असा बारीक आवाज आला. खालच्या एका अरुंद घळीत मुलगी स्टीलच्या बाटलीवर दगड आपटत होती. प्लास्टिकची कटकट नको म्हणून तिने मुद्दाम स्टीलची बाटली आणली होती. चार वीसला दोघं सापडली, वाटेपासून साधारण दोनशे मीटरवर, एका सुकत आलेल्या डबक्याकाठी.

झालं होतं असं. दीडच्या सुमारास काकांकडचं पाणी संपलं. खडकावर ऊन आलं होतं. मुलीला खाली झाडी आणि ओढा दिसला, वाट तर समोरच होती. पाणी भरून पाच मिनिटांत वर यायचं ठरलं, म्हणून काठी तिथेच राहिली. उतरल्यावर काकांना चढवेना. आमच्या शिट्ट्या तिला ऐकू येत होत्या, पण तिचा आवाज वर पोचत नव्हता. वडिलांना सोडून वर यायचं नाही, हा निर्णय तिचा तिने घेतला. एकटीने वर आली असती तर बहुधा लवकर सुटका झाली असती. पण तिला मी यात चूक म्हणणार नाही.

खाली आणि पलीकडे

तोवर खालीही एक निर्णय झाला होता. दोन बोटी, दहा माणसं काठावर, सहा वर. दहा जणांना मित्रांना सोडून जायचं नव्हतं. बोटवाल्या मामांनी वाद घातला नाही, पाण्याकडे बोट केलं. लाटा उठायला लागल्या होत्या. साडेचारला पहिली बोट दहा जणांना घेऊन सुटली आणि बामणोलीत पोचताच त्यांनी १०८ ला फोन केला. दुसरी बोट थांबली. काठावर ताटकळत बसलेल्या दहा माणसांचा आम्हाला काही उपयोग नव्हता. पलीकडे रेंजमध्ये असलेल्या दहा जणांचा झाला.

काकांना कधी खांद्याचा आधार देत, कधी पाठीवर घेत पाच पाचला ओढ्यापाशी आणलं. पाच वीसला बोट सुटली, अंधार पडता पडता बामणोली. रुग्णवाहिका उभी होती. साताऱ्यात रक्त तपासलं तेव्हा सोडियम बरंच कमी निघालं. सलाइन, एक रात्र देखरेख आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. डॉक्टरांनी गोळीचं नाव वाचून विचारलं, "ही घेऊन उपास कुणी करायला सांगितला?"

आता वेगळं काय करू

महिन्याभराने सगळे बसलो. बरीच चर्चा शोधाविषयी झाली, कारण ती सांगायला रंगतदार. माझ्या मते शोधाचा भाग तुलनेने बरा जमला. बिघडलं ते अकरा वाजून दहा मिनिटांनी, मेट इंदवलीच्या काठावर, जिथे कुणालाच काही झालेलं नव्हतं.

हिशेब उलटा मांडून बघा. पाचला बोट, म्हणजे साडेचारला चौकी. उतरायला दीड तास, म्हणजे तीनला वरून निघणं. कुणाचा पाय मुरगळला किंवा कुणी चुकलं तर त्यासाठी दीड तास हाताशी ठेवायचा, म्हणजे दीड वाजता जिथे असू तिथून मागे. अकरा पंचवीसला चढायला लागलेला गट किल्ल्यावर एक पंचवीसला पोचतो. म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे किल्ल्यावर घालवायला पाच मिनिटं होती, आणि आम्ही तास घालवला. सकाळचा उशीर पुण्यात झाला, साताऱ्यात झाला, कासला झाला, पण तो कुठूनही वजा केला नाही. मिसळ तेवढीच, फोटो तेवढेच, किल्ल्यावरचा वेळ ठरल्याप्रमाणे तेवढाच. कमी झाला तो फक्त अडचणीसाठी राखायचा वेळ, आणि तो कागदावर कुठे लिहिलेलाच नव्हता.

पिशवीचं तर ताबडतोब बदललं. प्रथमोपचाराची पिशवी आता बॅकलीडकडे असते. आजारी माणूस कधी पुढे नसतो, मागेच असतो. इतकी उघड गोष्ट आणि आम्ही बारा वर्षं औषधं पुढे नेत होतो. बोटीत बसायच्या आधी बामणोलीतच प्रत्येकाने अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि उतरल्यावर चौकीजवळ पंधरा मिनिटं थांबायचं, हेही ठरलं. वेळापत्रकात ती पंधरा मिनिटं 'झाडामागे' या नावाने असतात. हसतात लोक, पण पाणी पितात.

आणखी एक. चौकीवर त्या दिवशी आमच्या बाटल्या दोनदा मोजल्या गेल्या, जाताना आणि येताना. माणसं आम्ही बामणोलीला बोटीत बसताना एकदा मोजली होती, त्यानंतर खडक रिकामा दिसेपर्यंत एकदाही नाही.

मतभेद राहिला आहे तो एकाच जागी. लीडचं म्हणणं असं की तिसरा पर्याय चुकीचा नव्हता, माणूस चुकीचा ठेवला. मुलीऐवजी मी थांबलो असतो, शिट्टी आणि इलेक्ट्रल घेऊन, तर आम्ही तीन वाजता त्यांना घेऊन खाली उतरलो असतो. यात तथ्य आहे. पण दोन तास उन्हात बसलेला, पाणी संपलेला माणूस हलणारच, कुणीही सोबत असो. मी असतो तर फार तर त्यांना गव्याच्या वाटेऐवजी माणसाच्या वाटेने हलवलं असतं. मग पहिल्यापासून खालीच का नाही न्यायचं? त्यावर तो विचारतो, वरच्या बारा जणांमागे तू नसताना कुणी मागे राहिला असता तर? याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सोळा माणसांना दोन जाणकार पुरत नाहीत, इथवर येऊन आम्ही दोघंही थांबतो.

पावसाळ्यात वासोटा बंद असतो. उघडला की पुन्हा जायचं आहे, या वेळी दहाच जण आणि जाणकार तीन. यादी मुलीने केली आहे. काकांचं नाव तिसरं आहे, त्यांच्या नावापुढे गोळीचं नाव, आणि सगळ्यात वर, नावांच्याही आधी, 'दीड वाजता मागे'.